लाभ, दोन, तीन

"ऑगस्टमध्ये तुला पलूसला जावं लागेल," असं मॅनेजर म्हणाला आणि मी भर मीटिंगमध्ये "आँ?" करून बसले. माझं माहेर पलूस तालुक्यातलं, जिल्हा सांगली. अमेरिकेत, बॉथेलच्या ऑफिसात कॉफीचा कप हातात धरून हा गोरा माणूस मला माझ्या तालुक्याच्या गावाला धाडतोय म्हणजे काय? माझ्या डोळ्यांपुढे तिथलं एसटी स्टँड, उसाच्या ट्रॉल्या, द्राक्षांच्या बागा सगळं उभं राहिलं. मग त्याने स्क्रीनवर नकाशा उघडला. आमच्याच वॉशिंग्टन राज्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, डोंगर ओलांडून पाच तासांवर, गव्हाच्या टेकड्यांचा एक मुलूख आहे आणि त्याचं नाव पलूस. स्पेलिंग वेगळं, पण उच्चार तोच. इतकी वर्षं या राज्यात काढून मला त्याचा पत्ता नव्हता.

घरी सांगितलं तर नवरा पोट धरून हसला. "जा, माहेरपण करून ये," म्हणाला. "येताना कुरडया आण."

मी वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर करते. मालाने भरलेला ट्रक काट्यावर चढतो, त्याचं वजन होतं, माल ओतून रिकामा ट्रक परत चढतो, पुन्हा वजन होतं. दोन्हीतला फरक म्हणजे माल. लहान पोरालाही कळेल इतकं सोपं. पण मी ज्या भागातून आले तिथे काटा हा शब्द इतका सोपा नाही. आमच्याकडे फसवलं म्हणायचं तर "काटा मारला" म्हणतात. उसाच्या ट्रॉलीवर बसलेला माणूस काट्याकडे कसा बघतो ते मी लहानपणापासून पाहिलंय. देवळात मूर्तीकडेही कोणी इतकं टक लावून बघत नसेल.

त्यात माझे वडील मापाडी. आबा सांगलीच्या मार्केट यार्डात जन्मभर दुसऱ्यांचं धान्य मोजत राहिले. विकणाऱ्याचे नाहीत, घेणाऱ्याचे नाहीत, मधले. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर एसटीने जायचे आणि पोत्यांवर बसून त्यांची मोजणी ऐकायचे. मापाड्याची मोजणी "एक" पासून सुरू होत नाही. पहिलं माप पडलं की म्हणायचं "लाभ". मग दोन, मग तीन. एकटेपणाचा आकडा धान्याच्या तोंडावर उच्चारायचा नाही, असं काहीतरी कारण आबा सांगायचे. मला कारणाशी काही घेणंदेणं नव्हतं, मला त्यांचा तो खणखणीत "लाऽऽभ" आवडायचा. आजही मी डब्यातले लाडू मोजले तरी लाभ, दोन, तीन असंच मोजते. माझी इथे जन्मलेली लेक म्हणते, "आई, दॅट्स नॉट अ नंबर."

तर ऑगस्टच्या रणरणत्या उन्हात मी या दुसऱ्या पलूसला पोचले. अगं बाई, काय ते दृश्य! जिकडे बघावं तिकडे सोनेरी टेकड्या आणि मध्येच एक इवलंसं गाव. गावापेक्षा उंच काय, तर गव्हाचं कोठार. त्याला इथे एलिव्हेटर म्हणतात. मी आधी लिफ्ट समजले होते, ते असो. हे कोठार शेतकऱ्यांच्या सोसायटीचं, आपल्याकडच्या सहकारी सोसायटीसारखं. त्याच्या काट्यावर आमचं नवीन यंत्र बसवायचं होतं. ट्रकवरची चिप ओळखून वजन आपोआप नोंदवणारं, माणूस लागणारच नाही असं.

पण काट्याच्या केबिनमध्ये माणूस होता. सत्तरीच्या एक बाई. डोक्यावर टोपी, कानावर पेन्सिल, शर्टाच्या खिशात छोटी वही. मी मनातल्या मनात त्यांना काटेबाई म्हणू लागले. प्रत्येक ट्रक आला की माझ्या यंत्राकडे एकदा बघायच्या, काट्याच्या जुन्या तबकडीकडे एकदा बघायच्या आणि पेन्सिलीने वहीत वजन लिहायच्या. पहिल्या दिवशी मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. आमच्या घराण्यात डोकं लवकर फिरतं.

"तुमचा माझ्या मशीनवर विश्वास नाही का?" मी विचारलं.

"आहे ना," काटेबाई म्हणाल्या. "पण तुझ्या मशीनला या गावात राहायचं नाहीये. मला राहायचंय."

कप्पाळ माझं!

जेवणाच्या सुट्टीत मला कळलं की त्या पगारी नोकर नव्हत्या. निवडून आलेल्या होत्या. दर हिवाळ्यात सोसायटीचे सगळे सभासद जमतात आणि हात वर करून काट्यावर कोण उभं राहायचं ते ठरवतात. काटेबाई कितीतरी वर्षं निवडून येत होत्या. मला हसूच आलं. वजन बघायला इलेक्शन?

त्यांनी मला हसू दिलं आणि मग शेजारच्या हॉलमध्ये नेलं. भिंतीवर जुने फोटो होते. सुरुवातीला इथला गहू घोडागाड्यांवरून नदीवर जायचा, नदीतून बंदरावर आणि बंदरातून जहाजाने दूर देशी. पैसा चांगला यायचा. पण काटा व्यापाऱ्याचा होता आणि व्यापारी म्हणेल ते वजन. शेवटी शेतकऱ्यांनी स्वतःचं कोठार बांधलं, स्वतःचा काटा घेतला. आता काट्यावर उभं कोण राहणार? प्रत्येकाला आपला भाऊ, आपला मेव्हणा बसवायचा होता. भांडून भांडून थकले आणि मग मतं घेतली. कोणाची जमीन किती हे न बघता प्रत्येकाला एकच मत. ज्याचा एक गाडी गहू त्यालाही एक हात, ज्याच्या शंभर गाड्या त्यालाही एक हात.

"या गावात तेव्हा मेयर नव्हता, शाळा नव्हती, काही नव्हतं," काटेबाई म्हणाल्या. "आम्ही पहिल्यांदा निवडला तो काटेवाला. बाकीचं सगळं त्यानंतर."

आणि बाकीचं खरंच त्यानंतर आलं. गव्हातून वर उरलेल्या पैशाचं काय करायचं हे विचारायला लोक याच हॉलमध्ये जमायचे. आधी शाळा बांधली, मग पाण्याची टाकी, मग रस्ता. गावाची कौन्सिल झाली तेव्हा तिचे नियम नव्याने कोणी लिहिलेच नाहीत, कोठाराच्या सभेचे नियम उचलून तिकडे लावले. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. शाळेत आम्ही लोकशाहीची व्याख्या घोकून पास झालो होतो. ती वजनाच्या केबिनमधून चालत बाहेर आलेली असू शकते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडेही उसाने शाळा उभ्या केल्या, कॉलेजं उभी केली, मी स्वतः त्यातल्याच एका कॉलेजात शिकले. ते मी विसरत नाही. पण आमच्या सभासदांची सभा मी पाहिली होती. स्टेजवरून विषय वाचायचा, खालून "मंजूर, मंजूर" असा कल्ला व्हायचा आणि लोक जेवणाच्या मांडवाकडे पळायचे. हात मोजायची वेळच यायची नाही.

इथलंही सगळंच सोज्वळ होतं असं नाही. फोटोंमध्ये बाया मागच्या ओळीत, हातात ॲपल पायच्या थाळ्या घेऊन उभ्या. गहू कापायला बाहेरून आलेले मजूर एकाही फोटोत नाहीत. आणि या टेकड्यांवर गव्हाच्या आधी ज्या आदिवासींचं घर होतं त्यांचा तर हॉलमध्ये उल्लेखही नाही. मी तसं म्हटलं. काटेबाई चिडल्या नाहीत. मागच्या ओळीतल्या एका बाईवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही माझी आजी. सभेसाठी ॲपल पाय भाजायची, पण हिला हात वर करायची सोय नव्हती. म्हणून मी पहिल्या ओळीत बसते आणि सगळ्यांच्या आधी हात वर करते."

त्याच दिवशी दुपारी एक गंमत झाली. काट्याकडे एक जुना लाल ट्रक आला आणि काटेबाई केबिन सोडून बाहेर जाऊन उन्हात हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. सोसायटीचे चेअरमन ऑफिसमधून आले आणि त्यांनी वजन लिहिलं. मी विचारलं, काय झालं? तर तो ट्रक काटेबाईंच्या स्वतःच्या शेतातला होता.

"स्वतःचा माल आणायचा आपला हक्क आहे, तो मी आणते," त्या म्हणाल्या. "पण त्याचं वजन मी करत नाही. त्या वेळी मी बाहेर."

मला एकदम आबा आठवले. मामाची ज्वारी यार्डात आली की तेही माप दुसऱ्याच्या हातात देऊन चहाला जायचे. रात्रंदिवस नेटवर्क, चिप, सेन्सर करणारी मी, पण त्या दिवशी त्या बाईंपुढे मला फार लहान वाटलं.

आता हे सगळं कौतुक खरं, पण माझी नोकरी नोकरी होती. काम संपवून मी परत आले. आम्हाला पैसे मिळाले, यंत्र उत्तम चाललं. मग हिवाळ्यात बातमी आली की सोसायटीच्या वार्षिक सभेत एक विषय आहे, काट्यावर निवडलेला माणूस यापुढे ठेवायचा की नाही. यंत्र सगळं करतंय, मग माणूस कशाला, असं चेअरमनचंच म्हणणं होतं. माझ्या मॅनेजरला उकळ्या फुटल्या. माणूस गेला तर पूर्णपणे आपोआप चालणारा हा आमचा पहिला काटा, बाकी सगळ्यांना दाखवायला नमुना. त्याच्या जोरावर तो नवी टीम काढणार होता आणि टीमची प्रमुख मी होणार होते. खोटं कशाला बोलू, मला ते हवं होतं. पंधरा वर्षं मी ज्यांना शिकवलं ते माझ्या डोक्यावर जाऊन बसले होते.

सभेत यंत्राबद्दल शंका विचारल्या तर उत्तरं द्यायला मला पाठवलं. डोंगरात बर्फ होता, जीव मुठीत धरून ड्राइव्ह करत गेले. त्याच पलूसच्या गव्हाच्या पिठाच्या शंकरपाळ्या मी डबाभर नेल्या होत्या. काटेबाईंनी एक तोंडात टाकली आणि डबा स्वतःच्या खुर्चीखाली सरकवला.

चर्चा तासभर झाली. कोणी कोणाला टाकून बोललं नाही, पण आडवळणही घेतलं नाही. एक तरुण शेतकरी काटेबाईंच्या समोर उभा राहून म्हणाला, "तुमच्याबद्दल आदर आहे, पण तुमची गरज उरलेली नाही." त्या ऐकून घेत होत्या. हातातली टोपी मात्र सारखी गोल फिरवत होत्या. त्यांना नवरा नव्हता, मुलं दूर होती. काटा गेला तर या बाईचं काय उरणार, हे हॉलमधल्या प्रत्येकाला कळत होतं, आणि तरी ज्याला जे वाटतं ते तो बोलत होता.

मतं हात वर करूनच. आणि हात कोणी मोजायचे, तर ज्याचा गहू नाही त्याने. दरवर्षी शाळेतल्या एक शिक्षिका मोजायच्या, त्या तापाने आजारी होत्या. चेअरमननी हॉलभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

"हिचा गहू नाही. आणि कंपनीचे पैसे आपण देऊन टाकलेत. कोणाची हरकत?"

कोणाची नव्हती. मी उभी राहिले. मला या देशात मत नाही, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षं चालली आहेत. तिकडे भारतात मत द्यायला इलेक्शनला घरी असावं लागतं, तो योग आजवर आलेला नाही. कुठेच मत नसलेली मी, आणि ही माणसं त्यांची मतं माझ्या हातात देत होती.

"काट्यावर माणूस ठेवावा असं वाटणाऱ्यांनी हात वर करा."

पहिल्या ओळीत काटेबाईंचा हात सर्वांत आधी वर गेला. मी पेन्सिल रोखून मोजायला सुरुवात केली, तोंडातल्या तोंडात पुटपुटत. सगळे माझ्या ओठांकडे बघतायत हे जाणवलं, तशी घाईने इंग्लिशवर आले. शेवटच्या ओळीपर्यंत एक्केचाळीस. मग विरोधातले हात. तेही एक्केचाळीस.

हॉलमध्ये कुजबूज झाली. बरोबरी झाली तरच चेअरमनना मत असतं. ते उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "माझं मत सर्वांना ठाऊक आहे. माणूस नको." संपलं. काटेबाईंनी उठून त्यांच्याशी हात मिळवला आणि कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. मी मॅनेजरला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, तीन फटाके आणि एक केक.

मग जेवण. काहीतरी करावं म्हणून मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले आणि ॲपल पायच्या बश्या बाहेर सरकवायला लागले. लाभ, दोन, तीन, चार...

माझा हात थांबला. लाभनंतर दोन येतं. मघाशी मी काय म्हणाले होते? काटेबाईंच्या हाताकडे पेन्सिल रोखून मी "लाभ" म्हटलं होतं, आणि मग घाईने इंग्लिशवर येताना पुढच्या माणसाला "वन". विरोधातले हात मोजताना सुरुवातच इंग्लिशमध्ये होती, तिथे काही चुकलं नव्हतं. एक हात मी गिळला होता. आणि तोही त्या बाईंचाच.

खरं लिहिते, पहिला विचार आला तो असा की कोणाला कळणार आहे? ही मोजणी या खंडात माझ्याशिवाय कोणाला येते? टीम, नमुना, केक. शिवाय मी परकी बाई, परक्या गावात मतं मोजताना चुकले हे चारचौघांत कसं सांगू? मी तीन बश्या तशाच पुढे सरकवल्या. चौथी सरकवता येईना. आबांनी उभ्या आयुष्यात एक माप चुकवलं नाही, आणि मी त्यांचाच "लाभ" वापरून काटा मारला होता!

मी तडक चेअरमनकडे गेले. "माझं मोजायला चुकलं," म्हणाले. त्यांनी घास खाली ठेवला, चमच्याने ग्लास वाजवला आणि मला सगळ्यांसमोर बोलायला सांगितलं. मी आबा, धान्य, लाभ सगळं सांगितलं. मागून कोणीतरी हसलं, कोणीतरी त्याला गप्प केलं.

"पुन्हा मोजू," एकजण म्हणाला. पण गुरांचं बघायला आणि बर्फाच्या भीतीने तीन-चार जण निघून गेले होते. आता पुन्हा मोजणी म्हणजे वेगळीच मोजणी.

"म्हणजे फक्त हिच्या शब्दावर?" तो तरुण शेतकरी म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं.

चेअरमननी विचारलं, "आणखी कोणी मोजलं होतं का?"

मग त्यांनी हळूच कोपऱ्याकडे पाहिलं. "तुझी वही बघू."

काटेबाईंनी खिशावर हात ठेवला. "नाही."

"बघू दे."

"ते माझं काम नाही. आज माझाच ट्रक काट्यावर आहे."

चेअरमन हात पुढे करून उभेच राहिले. शेवटी बाईंनी वही काढून दिली, पण तोंड भिंतीकडे फिरवलं. चेअरमननी पान उलटलं, चष्मा लावला आणि स्वतःच्या विरोधात जाणारा आकडा मोठ्याने वाचला. "ठेवावा, बेचाळीस. नको, एक्केचाळीस. माझ्या मताचा प्रश्नच आला नाही. माणूस राहील." मग तो तरुण शेतकरीच सर्वांत आधी टाळ्या वाजवायला लागला.

काटेबाईंना माहीत होतं! मघापासून, हात मिळवताना, कोपऱ्यात उभ्या असताना त्यांना खरा आकडा माहीत होता आणि त्या गप्प होत्या. मला रडू आवरेना. मी जाऊन त्यांना म्हटलं, "मी बोलले नसते तर?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तर मी काटा बंद करून घरी गेले असते. आणि तुझ्या शंकरपाळ्या संपवल्या असत्या."

टीम गेली. मॅनेजर महिनाभर माझ्याशी मोजून मापून बोलत होता. आबांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "स्वतःची गाडी आली की ती बाई बाहेर उभी राहते म्हणतेस?" मी हो म्हटलं. "मग ती आपल्यातलीच की गं," म्हणाले.

यंदाच्या ऑगस्टमध्ये सर्व्हिसिंगला परत गेले. दुपारी तो जुना लाल ट्रक वळणावर दिसला. काटेबाई केबिनमधून उठल्या, कानावरची पेन्सिल आणि खिशातली वही माझ्यापुढे ठेवली. "चेअरमनना मी सांगितलंय. हिचा गहू नाही, हिला उभं करा." आणि बाहेर जाऊन हाताची घडी घालून उन्हात उभ्या राहिल्या.

ट्रक काट्यावर चढला. मी तबकडीकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, वजन लिहिलं आणि आबांसारखं खणखणीत ओरडले, "लाऽऽभ!"

बाहेरून त्या तितक्याच जोरात ओरडल्या, "आणि त्यानंतर टू!"